बोलपेटीची पाच कार्डं

४ जानेवारी

खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आजारी आहेत त्या बोलपेट्या. यंत्राचं काम कागदावरच बोलायचं हा आपला जुना करार, म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. कागद मी दुरुस्तीच्या वहीत चिकटवते, मग तुला पळायला वाट राहत नाही.

तर ऐक. शाळेतल्या पाचही पेट्यांची कार्डं म्हातारी झाली आहेत. सहा वर्षांपूर्वी आपण एकदमच घेतली होती, आता एकदमच चालली आहेत. नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तीन गेलेली होती, चौथं परवा गेलं. पाचवं आपल्या वर्गाच्या मॉनिटरच्या, त्या सगळ्यांत मोठ्या पोरीच्या पेटीतलं, ते अजून तग धरून आहे. म्हणून मी भिंगवाल्या काकांच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानातून नवी कार्डं आणली, जुन्याची हुबेहूब नक्कल त्यांच्यावर उतरवली, पेटीत घातली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा तीन वेळा लुकलुकला आणि विझला. दुसऱ्या पेटीत तेच, तिसऱ्या पेटीत तेच. पूर्वी कधीतरी गंमत म्हणून काकांकडचंच एक साधं कार्ड घातलं होतं, ते तर पहिल्या झटक्यात चाललं होतं.

कालच नव्या शिक्षिकेला पेटी समजावून सांगत होते. म्हटलं, आत पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आहे, कडेला नखाएवढं कार्ड बसतं, कार्डात पुस्तकं असतात. बटण दाबलं की संगणक कार्डावरून जागा होतो आणि वाचायला लागतो. ज्या मुलांना दिसत नाही ती कानांनी वाचतात. तिने विचारलं, कुणी बनवली? मी छाती फुगवून सांगितलं, कल्पना माझी आणि करामत माझ्या धाकट्या भावाची. आणि हेही सांगितलं की पेटीवर कुणाचं नाव टाकायचं नाही आणि तिला कुलूप लावायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. कुठल्याही शाळेने बनवावी, कुठलंही कार्ड घालावं.

परीक्षा दहा मार्चला आहे, पाच मुलं बसताहेत. चौघं लहान आहेत, त्यांना पुढल्या वर्षी बसता येईल. मॉनिटरला नाही. नियमाप्रमाणे तिची ही तिसरी आणि शेवटची खेप. गेल्या वर्षी परीक्षेत पेटी आणायला परवानगी नव्हती, म्हणून प्रश्न वाचून दाखवायला शेजारी एक गृहस्थ बसवले होते. त्यांनी मधलं एक पान उलटलंच नाही. पोरीचं वर्ष गेलं. यंदा मी महिनोन्‌महिने खेटे घालून परवानगी आणली आहे, प्रश्नपत्रिका कार्डावर भरून मिळणार आहे, आणि ती म्हणते, "ताई, मला माणूस नको. पेटी पान गाळत नाही."

तेव्हा डोकं चालव. सप्टेंबरात तू सुट्टी काढून इथे आला होतास, तीन दिवस बसून पाचही पेट्या आतून तपासल्या होत्यास, तेव्हा सगळं ठणठणीत होतं.

तुझी
ताई


११ जानेवारी

ताई,

नमस्कार आधी, बाकी मग. तुझं अक्षर बघूनच कळलं की तू चिडली आहेस. चिडलीस की तुझा "र" कागद फाडतो.

घाबरण्यासारखं काही नाही. छोटा संगणक आणि कार्ड यांचं न पटणं हे आमच्याकडे रोजचं दुखणं आहे. आधी कार्डाचा आकडा बघ. बत्तीस जीबीच्या वरची कार्डं वेगळ्या पद्धतीने आखलेली येतात आणि आपल्या जुन्या संगणकाला ती आखणी कळत नाही. तेव्हा बत्तीस किंवा त्याहून लहान घे आणि जुन्या पद्धतीने आखून घे. कार्डाचे पितळी दात खोडरबराने हलके घास, हाताचा तेलकटपणाही बिघाडाला पुरतो. विजेची वायर बारीक असेल तर जाड लाव, कारण जागं होताना संगणकाला एकदम जास्त वीज लागते. आणि नक्कल पुरी उतरेपर्यंत कार्ड उपटू नकोस. तुझा उतावळेपणा मला माहीत आहे. फार वेगवान कार्डंही कधीकधी जुन्या यंत्राला मानवत नाहीत, तेव्हा साधी घे.

तीन लुकलुकी म्हणजे "कार्ड वाचता येत नाही", एवढं ध्यानात ठेव. संगणकाला झोपेतून उठवणारी मुंगीएवढी काळी चिप आहे ना, तिला मात्र हात लावू नकोस. ती नाजूक असते.

इथे काम मानेवर बसलं आहे. लवकरच एक चांगली बातमी कळवेन. मुलांना सांग, मामाने आठवण काढली आहे.

तुझा
खटपट्या


१९ जानेवारी

खटपट्या,

तू सांगितलंस ते सगळं केलं. वहीत रकाने आखून केलं, म्हणजे नंतर "ताई, तू नीट बघितलं नसशील" म्हणायला तोंड नको.

बत्तीसची सोडून सोळाची कार्डं आणली आणि जुन्या पद्धतीने आखली. तीन लुकलुक. दात खोडरबराने असे घासले की मोठ्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भांडी घासताय का?" तीन लुकलुक. जाड वायर लावली, मग त्याहून जाड लावली. आता पेटीच्या मागे बागेचा पाइप जोडल्यासारखा दिसतो. तीन लुकलुक. नक्कल उतरत असताना हात मांडीखाली दाबून बसले, कारण माझा उतावळेपणा मलाही माहीत आहे. तीन लुकलुक. सगळ्यांत मंद, सगळ्यांत साधं कार्ड मागितलं तेव्हा भिंगवाले काका म्हणाले, "बाई, याहून मंद हवं असेल तर मलाच पेटीत बसवा."

दिवा मुलांना दिसत नाही, पण मी दर वेळी मोठ्याने "एक, दोन, तीन, गेला" म्हणते. चौघांनी ते पाठ केलं आहे आणि जेवणाच्या सुट्टीत कोरसमध्ये म्हणतात. मॉनिटर हसत नाही. ती आपल्या पेटीला बिलगून बसते आणि कुणाला हात लावू देत नाही. बरं, तिच्या कार्डातही यंदाची दोन पुस्तकं नाहीत. ती भरायचीच आहेत.

एक कार्ड सोबत पाठवते आहे, कागदाला चिकटपट्टीने लावलं आहे. तुझ्याकडच्या संगणकात घालून बघ. आणि पाकीट दातांनी फाडू नकोस, कार्ड गिळशील.

तुझी
ताई


२७ जानेवारी

ताई,

कार्ड मिळालं. माझ्या टेबलावरच्या संगणकात घातलं तर रडतखडत चाललं. दोनदा अडलं, तिसऱ्यांदा मान टाकली. माझ्या मते कार्ड नकली आहे. बाजारात असा माल फार आला आहे. वर सोळा छापलेलं असतं आणि आत जेमतेम चार. पहिली काही पानं नीट लिहिली जातात आणि पुढचं सगळं हवेत जातं. संगणक वाचायला जातो तेव्हा तिथे काहीच नसतं.

तुझ्या त्या भिंगवाल्याने तुला गंडवलं, ताई. वीस वर्षांची ओळख म्हणून तू डोळे झाकून घेतेस, आणि असेच लोक फायदा घेतात. जा आणि माल तोंडावर फेकून ये.

फारच अडलं तर माझ्या कंपनीकडून काही जमतंय का ते बघतो.

तुझा
खटपट्या


३ फेब्रुवारी

खटपट्या,

गेले आणि फेकून आले. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर कार्डं काचेवर आपटली आणि म्हटलं, "काका, ज्यांना दिसत नाही त्यांना फसवताना हात थरथरला नाही का तुमचा?" त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "बाई, माल खरा आहे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मग माझा भाऊ खोटं बोलतो का?" त्यावर ते म्हणाले, "तसं मी कुठे म्हणालो?" आणि एकेक कार्ड वेचून डबीत ठेवायला लागले. एक बाई हातातली वस्तू तिथेच ठेवून निघून गेल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारातून वेगळ्या बनावटीची कार्डं आणली. तीन लुकलुक. दोन्ही दुकानदार एकाच वेळी लबाड कसे निघाले?

मग मी एक केलं. मॉनिटरकडून तिचं जुनं कार्ड मागून घेतलं. देताना तिने दोनदा विचारलं, "परत मिळेल ना?" ते सगळं पुसलं आणि नव्या कार्डांवर जे घातलं होतं तेच, यंदाच्या पुस्तकांसकट, त्याच्यावर उतरवलं. पेटी बोलली! खणखणीत बोलली. म्हणजे मजकूर बरोबर आहे, पेटी बरोबर आहे, वायर बरोबर आहे, आणि मीसुद्धा बरोबर आहे. फक्त कार्ड नवं असलं की पेटीला चालत नाही. असं का रे? मी तर हात टेकले.

तुझी
ताई


८ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितो आहे. जुन्या कार्डाशी खेळू नकोस, जास्त वेळा पुसलंस तर तेही जाईल. जुन्या कार्डांची घडण वेगळी असते, म्हणून पटतं. ते समजावत बसलो तर पत्र संपायचं नाही.

उपाय एकच दिसतो. अशा यंत्रांसाठी खास पारखलेली कार्डं माझी कंपनी काढते आहे. त्यातली पाच मी शाळेला मिळवून देतो, भेट म्हणून. फक्त सोबतच्या अर्जावर मोठ्या बाईंची आणि तुझी सही लागेल. कंपनीची पद्धत आहे, बाकी काही नाही. वाचत बसू नकोस, कायद्याची भाषा रुक्ष असते. सही कर आणि पाठव.

खटपट्या


१७ फेब्रुवारी

खटपट्या,

मॉनिटरचं कार्ड गेलं. चौदा तारखेला, सराव परीक्षा निम्मी झाली असताना, वाक्याच्या मध्येच. ती कितीतरी वेळ हेडफोन कानाला दाबून बसली होती. नुसती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगवाले काका शाळेत आले, न बोलावता. हातात मी फेकलेली कार्डं आणि त्यांची तपासणीची डबी. म्हणाले, "बाई, तुम्ही रागावलात त्याचं काही नाही. पण माल खोटा म्हणालात, ते जेवू देत नाही." यंत्रखोलीत बसून त्यांनी माझ्यासमोर प्रत्येक कार्ड काठोकाठ भरलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. सोळाचं सोळा. एकही नकली नव्हतं. मी मान खाली घातली.

मग म्हणाले, "आता पेटी दाखवा." कार्ड न घालता त्यांनी बटण दाबलं, दिवा लागलाच नाही. कोरं कार्ड घातलं, एकदा लुकलुकला. माझं भरलेलं घातलं, तीनदा. काका म्हणाले, "वाचता आलं नसतं तर कोऱ्यासारखी एकावरच थांबली असती. ही वाचून थांबते आहे, बाई. कार्ड हिला समजतंय. पसंत नाही."

तू जिला हात लावू नकोस म्हणाला होतास ती चिप आम्ही काकांच्या बारीक चिमट्यांत पकडली आणि तिच्यातला मजकूर संगणकाच्या पडद्यावर आणला. सगळी अगम्य अक्षरं, आणि मध्येच एकाखाली एक पाच लांबलचक आकडे. काकांनी माझ्याकडे गेलेली जुनी कार्डं मागितली. तुला हे माहीत आहे, मला नव्हतं: प्रत्येक कार्डाच्या पोटात कारखान्यातच एक आकडा घातलेला असतो. हुबेहूब नक्कल केली तरी तो दुसऱ्या कार्डावर जात नाही. कार्ड मेलं तरी विचारल्यावर तेवढा सांगतं. काका एकेक कार्ड डबीत घालून आकडा वाचत गेले आणि मी पडद्यावर बोट ठेवत गेले. पाचच्या पाच जुळले. त्यांच्याखाली तुझ्या कंपनीचं नाव, म्हणजे ही पाच आणि कंपनीची कार्डं सोडून पेटी दुसऱ्या कुणाला उघडत नाही. त्याच्याखाली तारीख, सप्टेंबरातली. तुझ्या मुक्कामाचा दुसरा दिवस.

तो दिवस मला चांगला आठवतो. मुलं "मामा, मामा" करत तुला चिकटली होती. तू मॉनिटरला शेजारी बसवून पेटीचे स्क्रू सांभाळायला दिले होतेस आणि ती मुठी घट्ट मिटून तासभर हलली नव्हती. तिच्या हातातले स्क्रू घेऊन तू तिच्याच पेटीला कुलूप लावलंस. आणि नंतर सहा आठवडे मला खोडरबर घासायला लावलंस! एका भल्या माणसाला चारचौघांत चोर म्हणायला लावलंस! परक्याने केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास रे.

अर्ज मी वाचला. कायद्याची भाषा मला रुक्ष वाटली नाही. तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की बोलपेटी तुझ्या एकट्याच्या डोक्यातून निघाली आणि ती आता कंपनीची आहे. पाचव्यात म्हटलं आहे की शाळेने ती उघडायची नाही आणि कुणाला बनवून द्यायची नाही.

हे खरं का, एवढंच लिही.

ताई


२३ फेब्रुवारी

तुझा फोन तीन दिवस लागत नाही. परीक्षेला पंधरा दिवस राहिले. मॉनिटर रोज विचारते आणि मी रोज "मामा बघतोय" म्हणते. अजून किती दिवस तुझ्यासाठी खोटं बोलू?


२६ फेब्रुवारी

ताई,

खरं आहे.

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं. कशी सुरुवात केली तरी तुझा चेहराच समोर येतो.

पेटीवर नाव टाकायचं नाही असं तू म्हणालीस तेव्हा मी हो म्हणालो होतो. पण तुला ते सोपं होतं. तुला रोज पाच मुलं ताई म्हणून हाक मारतात, तुझ्या आवाजावरून ओळखतात. मी इथे आठ वर्षं दुसऱ्यांची यंत्रं जोडत होतो आणि जिन्यात भेटलेला माणूस मला ओळखत नव्हता. एकदा साहेबांना सहज पेटी दाखवली. त्यांनी कानाला लावली, बराच वेळ ऐकली आणि विचारलं, "कुणाची?" मी म्हणालो, "माझी." एकच शब्द, ताई. "आमची" म्हणायचं होतं. तोंडातून ते आलं, आणि मग सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की परत घेता येईना. त्यांनी मला विभागाचा प्रमुख केलं. तीच ती चांगली बातमी.

त्यांची अट होती की बाहेर एकही उघडी पेटी राहता कामा नये. नाहीतर कुणीही बघून बनवील. म्हणून मी सुट्टीत आलो. निदान ही पाच जुनी कार्डं तरी चालू द्या म्हणून मी भांडलो आणि त्यांचे आकडे आत घातले. मुलांसाठीच घातले. वाटलं, कार्डं आणखी दोन-तीन वर्षं टिकतील, तोवर मी काहीतरी मार्ग काढीन. ती इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. काकांबद्दल लिहिलं ते घाबरून लिहिलं. तू पाठवलेलं कार्ड इथे पहिल्या झटक्यात चाललं होतं.

मला क्षमा कर.

तुझा
खटपट्या


१ मार्च

मुलांसाठी घातले म्हणे! कुलूप लावायचं आणि वर खिडकी ठेवली म्हणून उपकार सांगायचे.

"माझी" हा शब्द तोंडातून निसटला, हे मी समजू शकते. माणूस आहेस. पण त्यानंतर तू गाडीत बसलास, दिवसभराचा प्रवास केलास, माझ्या घरी तीन दिवस जेवलास, आणि हात धुऊन स्क्रू उघडलेस. ते काही निसटलं नाही.

क्षमेचं नंतर बघू. आत्ता मला किल्ली हवी. काका म्हणतात, चिप वाचता येते पण पुसता येत नाही, त्यासाठी परवलीची अक्षरं लागतात आणि ती लावणाऱ्यालाच माहीत असतात. पाठव. कागदावर नको, वेळ नाही. फोन कर, मी कागदाचा करार मोडते. फक्त अक्षरं सांग आणि ठेवून दे, मी एक शब्दही बोलणार नाही. तासाभरात पाचही पेट्या पूर्वीसारख्या होतील. परीक्षेला नऊ दिवस आहेत.

तू हे करशील असं मला अजून वाटतं. वाटायला नको, पण वाटतं.

ताई


४ मार्च

ताई,

अक्षरं मला पाठ आहेत. देता येणार नाहीत. ती फक्त दोघांना माहीत आहेत, मला आणि साहेबांना. पेट्या उघडल्या तर कुणी सांगितलं ते त्याच दिवशी कळेल. आठ वर्षांनी हे मिळालं आहे, ते असं एका फोनवर सोडता येत नाही. मी दोनदा फोन हातात घेतला होता.

पाच कार्डं कुरिअरने पाठवली आहेत. परवा पोचतील. अर्जावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय कुरिअरवाला पाकीट देणार नाही, तशी सूचना आहे. कृपा करून सही कर. माझ्यासाठी नको, मॉनिटरसाठी कर.

खटपट्या


२० मार्च

सही केली.

कुरिअरवाला यंत्रखोलीच्या दारात उभा होता, हातात पाकीट धरून. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर मी परत पाठवते." पलीकडच्या वर्गात मॉनिटर तोंडाने उजळणी करत होती, कारण वाचायला काही नव्हतं. मी तिसरं कलम पुन्हा एकदा वाचलं, त्यात माझं कुठेच काही नव्हतं, आणि त्याच्याखाली माझी सही केली. तिचं नाव घेऊन सही मागायची हे तुला बरोबर सुचलं. माझं दुखरं ठिकाण माहीत असलेला माणूस आता जगात तू एकटाच आहेस, आणि तू तिथेच बोट ठेवलंस.

परीक्षा झाली. तिचा एकही प्रश्न लिहायचा राहिला नाही. बाहेर आली तेव्हा हेडफोनचे वळ कानांवर होते आणि ती हसत होती. निकाल लागायचा आहे, पण मला काळजी वाटत नाही.

काकांच्या दुकानात जाऊन आले. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेले आणि त्या दिवशी जितक्या मोठ्या आवाजात चोर म्हटलं होतं तितक्याच मोठ्या आवाजात माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, माणसाने सख्ख्या भावाचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं?" मला समजवायला म्हणाले बिचारे. तिथून घरापर्यंत मी रडत आले.

आता तुझ्या पेटीबद्दल. नव्या कार्डांवर ती सुरू झाली की पुस्तकाआधी कंपनीचं नाव घेते आणि मग "निर्माता" म्हणून तुझं घेते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामाचं नाव आलं, मामाचं नाव आलं! मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

काल मॉनिटर यंत्रखोलीत आली आणि म्हणाली, "ताई, मामांनी आत काय ठेवलं होतं ते मला कळलं." मी विचारलं, "कधी ठेवलं?" ती म्हणाली, "सप्टेंबरात. त्याआधी बटण दाबलं की मी नऊ मोजेपर्यंत पेटी बोलायची. मामा येऊन गेले त्या दिवसापासून बारा लागायला लागले. मला लगेच कळलं की त्यांनी काहीतरी ठेवलंय. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, मामांनी ठेवलंय म्हणजे काहीतरी छानच असणार, आणि त्यांना स्वतःच सांगायचं असणार. मी रोज ते जास्तीचे तीन मोजत होते." मग बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "मला वाटलं, ते त्यांचं नावच होतं. पण ताई, नाव तर आत्ता या कार्डांवर आलं. मग इतके महिने आत काय होतं?"

मामाला विचारते म्हणाले.

तेव्हा यापुढे मला लिहू नकोस. तिला लिही. कागदावर नको, मी वाचून दाखवणार नाही. कार्डावर लिहून पाठव, म्हणजे तिचं ती ऐकेल. तिच्या पेटीत कुठलं कार्ड चालतं ते तुला माहीत आहे.

ताई